अण्णांचा दहावा आणि माझी लॉग फाइल

आमचे अण्णा गेले, आणि दहाव्याला त्यांचा आत्मा माझ्या कम्प्युटरपायी अडकला.

मोठा भाऊ, दादा, कॅनडात. व्हिसाच्या भानगडीत त्याला येता येईना. फोनवर नुसता रडायचा. "निदान कावळा शिवताना तरी मला दिसू दे रे!"

मी कॉलेजात कम्प्युटर शिकवतो. (हे वाक्य आमच्या घरात हल्ली कोणी मोठ्याने बोलत नाही.) म्हणालो, "माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवरून थेट प्रक्षेपण करतो!"

"अरे, मोबाइलने काम चालेल की," आई म्हणाली. पण ऐकतो कोण!

आदल्या दिवशी चाचणी घेतली. प्रक्षेपणाचा प्रोग्राम आपली प्रत्येक हालचाल लॉग फाइलमध्ये लिहायचा. इतकं लिहिलं, की डिस्क भरली आणि लॅपटॉप गपगार! (सुतकात आणखी एक मयत.) लॅपटॉप कॉलेजचा, मुख्य पासवर्ड माझ्याकडे नाही. मग फक्त माझ्या खात्यापुरती व्यवस्था लावली: दर तासाला आपोआप भरलेली लॉग फाइल बाजूला सारायची, जुन्या पुसायच्या, नवी उघडायची. आणि प्रोग्रामने नव्या फाइलीत लिहावं म्हणून त्याला बंद करून परत चालू करायचं. ही ओळ लिहून मी स्वतःची पाठ थोपटली!

दहाव्याला नदीकाठी राजा घाटाच्या पायरीवर लॅपटॉप मांडला. पडद्यावर दादा, डोळे सुजलेले. पिंड ठेवले. कावळा येईना.

"आईला सांभाळीन, अण्णा!" मी म्हणालो. काही नाही.

"तुमच्या पोथ्या रद्दीत घालणार नाही हो!" आई म्हणाली. काही नाही!

खालून नावाडी ओरडला, "कौआ सब त ओह पार रामनगर चल गइल, भइया!" म्हणजे सगळे कावळे पलीकडच्या काठाला!

शेवटी दादाने हात जोडले. "अण्णा, शेवटच्या भेटीला आलो नाही म्हणून रागावलात का? मी..."

तासाचा ठोका पडला. व्यवस्था चोख! माझ्या त्या ओळीने प्रोग्राम बंद करून परत चालू केला, पण दादाची जोडणी तुटली. पडदा काळा.

"दादा गेला!" मी किंचाळलो.

मागे बसलेल्या आत्याने हंबरडा फोडला, "अगं बाई! तोही?"

आत्याला आवरावं की दादाला परत आणावं? मी की-बोर्डकडे झेपावलो. "यंत्राला शिवू नका! बोटात दर्भ आहे!" गुरुजी गरजले. माझे हात भाताने बरबटलेले, आत्या रडतेय, पडदा काळाच. पिंडांकडे बघून म्हणालो, "अण्णा, चुकलं! घरच्या कार्यात पुन्हा कम्प्युटर आणणार नाही! शप्पथ!"

फडफड! कावळा थेट पिंडावर!

गुरुजींनी मोकळं केल्यावर आईच्या मोबाइलवरून दादाला फोन लावला.

"शिवला?"

"शिवला रे."

तो बराच वेळ हुंदके देत राहिला. मग म्हणाला, "माझं ऐकलं ना अण्णांनी?"

"तुझंच ऐकलं, दादा."

फोन ठेवला. आई पदराने डोळे पुसत माझ्याकडे बघत होती.

"जन्मात पहिल्यांदा त्यांच्या मनातलं बोललास," ती म्हणाली. "पण त्यासाठी बिचाऱ्यांना मरावं लागलं!"