कातरलेला महासागर

पृथ्वीकाकूंचं खरं नाव कारखान्यात कुणी घेत नसे. उभा जन्म शाळांसाठी पृथ्वीगोल चिकटवण्यात गेला, मग नाव पडायचं ते पडलं. छापील कागदाच्या निमुळत्या पट्ट्यांना खळ लावायची आणि पुठ्ठ्याच्या गोळ्यावर एकीला लागून एक बसवायची. ओला कागद फुगतोच, त्यामुळे शेवटची पट्टी मेली कधी मावत नाही, कातरावी लागते. म्हणून सुरुवात जमिनीपासून आणि शेवट प्रशांत महासागरात. एका कडेला आशिया, दुसरीकडे दोन्ही अमेरिका, मधे खसखशीएवढी बेटं आणि बाकी नुसतं पाणी. बोटभर कमी झालं तर कोण बघतंय?

पण आता त्या पाण्यावर काकूंचा एकुलता एक मुलगा होता, मालवाहू जहाजावर खलाशी. मधल्या बेटांवरून त्याने फोन केला होता. "आता पलीकडचं बंदर आलं की बोलू. काळजी करू नकोस," म्हणाला. काळजी करू नकोस म्हणे! काकूंनी गोलावर दोरा धरला. बेटांपर्यंत जेवढा, तेवढाच पुढे. म्हणजे दिवसही तेवढेच लागणार.

तेवढे झाले. फोन नाही. आणखी एक दिवस गेला, आणि काकूंच्या घशाखाली घास उतरेना. नवरा म्हणाला, "अगं, जहाज आहे ते, वेळेवर यायला बस नाही." बोलला खरा, पण स्वतःच उठता-बसता फोन उचलून बघत होता.

दुसऱ्या दिवशी कामावर शेवटची पट्टी कातरली, तो निळा तुकडा काकूंच्या मांडीवर पडला आणि त्यांचा हात थांबला. न कापलेल्या पट्ट्या मेजावर पसरून त्यांनी दोरा लावून पाहिला. कातरलेल्या गोलावर पुरलेला दोरा इथे तोकडा पडला. अजून वाट बाकी आहे, म्हणजे तो पोचला नसेल, एवढाच काय तो धीर. पण लहानपणी असल्याच गोलावर त्याची वीत टेकवून आपण म्हणायचो, "एवढंसं तर आहे." म्हणून तर पोराला कधी भीती वाटली नाही.

त्या कातरलेल्या पाण्याचे वाढीव दिवसही गेले. फोन नाही.

मग काकूंनी नवा गोळा घेतला आणि पहिली पट्टी लावली ती महासागराची. सगळं पाणी पुरं बसवलं. जमीन शेवटी उरली आणि कात्री चालली ती त्यांच्याच मुलखावरून. मुकादम धावत आला. "काकू, डोकं ठिकाणावर आहे का? आपलंच गाव कापलंत की!"

"कापलं तर कापलं. आपण कुठे बुडतोय?" काकू म्हणाल्या. "पोरगं तिकडे आहे माझं. तिथे कात्री लावायला हात होत नाही मला."

मुकादमाने खळीचं भांडं बाजूला सारलं आणि काकूंचा फोन त्यांना समोर दिसेल असा टेकवून ठेवला.