मधला वीतभर भाग

१. सोमवारी सकाळी चिमामावशी गेली. चहा घेतला, भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही.

२. तिच्या नातीचं बारसं पुढे ढकललंय. आता ते तेराव्यानंतरच्या रविवारी.

३. त्या नातीची गोधडी माझ्याकडे आहे. मधला वीतभर भाग सोडून पूर्ण.

४. तो भाग कसा बंद करायचा, हे मला माहीत नाही.

ज्यांना मावशी माहीत नाही त्यांच्यासाठी:

कान्हे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत तिची वस्ती. भाताच्या दिवसांत मजुरी, एरवी गोधड्या. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गोधडी शिकायला गेले. हौस म्हणून.

शिवण मला नवं नव्हतं. आठवीपासून मशीनवर बसते. स्वतःचे कुडते, आईचे ब्लाउज, हॉस्टेलमध्ये अर्ध्या मजल्याची अल्टरेशन्स. ऑफिसात डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, डिझाइन करते. मला वाटलं, साधा धावदोरा तर आहे. चार रविवार पुरतील.

पहिल्याच रविवारी मी पर्समधून स्टील स्केल आणि पुसता येणारं पेन काढलं.

मावशीनं आत आवाज दिला, "संगे, भायेर ये. मोजणीवाली आलीया. आपली जागा कुनी इकली का काय बघ!"

संगीता, म्हणजे तिची लेक, हसत हसत बाहेर आली. तेव्हापासून वस्तीवर माझं नाव मोजणीवाली.

त्याच दिवशी मी चुकले. व्हिडिओत पाहिलं होतं तसं मध्यापासून शिवायला घेतलं. मधून बाहेर गेलं की सुरकुती कडेला सरकते आणि निघून जाते, हे तिला समजावूनही सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं. मंग शिवत शिवत तू कुटं पोचली?"

"कडेला."

"मंजी घराच्या भायेर." तिनं माझी सुई काढून घेतली. "वावर कसं नांगरत्यात? कडंनं आत. गोधडीबी तशीच. आत यायचं आस्तंय, बाय."

मग आम्ही समोरासमोरच्या कडांवर बसायला लागलो. ती तिच्या कडेनं, मी माझ्या. गोधडी दोघींच्या मांडीवर.

पावसाळ्यात दुपारी ढग सरळ ओटीवर यायचा.

आधी समोरचा डोंगर जायचा, मग अंगणातली चूल, मग उंबरठा. खालून गाडीचा भोंगा ऐकू यायचा, गाडी दिसायची नाही. कधीकधी समोरची मावशीही पुसट व्हायची.

फक्त तिनं दोरा ओढला की माझ्या बाजूचं कापड किंचित हलायचं.

म्हणजे ती आहे.

मशीनवर माझं लक्ष कधी ढळलेलं नाही. इथे टाके पडत राहायचे आणि ते मी घालतेय असं वाटायचंच नाही. डोळे उघडे, हात चालू, आणि मी कुठेतरी मऊ, पांढऱ्या जागी. किती वेळ गेला ते सांगता यायचं नाही. मला. मी मिनिटं लिहून ठेवणारी बाई.

मावशीला कमी दिसायचं. कापड बोटांनी ओळखायची.

"ह्यो तुज्या लोनावळ्याच्या मैत्रिनीच्या आईचा पदर न्हवं? लय धुतल्याला हाय. येवडं कुनी धुतं व्हय? सुती हाय, माती न्हाई."

वीतभर भाग उरला की ती गोधडी माझ्या मांडीवरून उचलायची.

"मधलं मी बगते."

पुढच्या रविवारी तो भाग बंद झालेला असायचा. हात फिरवला की तिथे काहीतरी लागायचं. टणक नाही. जाड म्हणावं असंही नाही. बाकीच्यापेक्षा किंचित वेगळं.

एकदाच विचारलं. "मावशी, आत काय आहे?"

"प्वाट हाय ते गोधडीचं. रिकाम्या पोटी कुनी निजवतं व्हय कुनाला?"

"पण घालतेस काय?"

"आदी टाका नीट घालाय शिक, मोजणीवाले. मंग सांगीन."

नंतर मी विचारलं नाही. मी कुणालाच फारसं विचारत नाही. वेळ आहे, असं धरून चालले होते. कामात मी असं काही धरून चालत नाही.

काल संगीताला विचारलं. बाळ तिच्या मांडीवर होतं, दीड महिन्याचं.

"मला कुटं म्हाईत, ताई? मी सुई हातात धरली न्हाई म्हनून तर आई तुला घेऊन बसायची."

तिनं बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

"तूच कर बंद. पन आईनं केलं आस्तं तसंच कर. कायबी उगा घालू नगं. आन् रिकामीबी ठेवू नगं. पोरगी निजनार हाय तिच्यात."

माझ्या कपाटात मावशीनं बंद केलेली एक गोधडी आहे. मधले टाके काढायला दोन मिनिटं लागतील. आत काय आहे ते कळेल. परत शिवताही येईल, कुणाला फरक दिसणार नाही.

काल संध्याकाळी टाके काढायचं हत्यार हातात घेतलं होतं.

ठेवून दिलं. ते टाके तिचे आहेत.

मावशी, सावकाश जा. वस्तीवरून खाली उतरताना मला म्हणायचीस तसंच.

आता काम.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी माझ्यामार्फत जुन्या साड्या देऊन तिच्याकडून गोधड्या करून घेतल्यात. तळेगाव, वराळे, लोणावळा. काही जणी स्वतः वस्तीवर जाऊन आल्यात. मधल्या भागात ती काय घालायची, हे ती कुणाशी बोलली असेल, अगदी चेष्टेत बोलली असेल, तरी मला येत्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा. घरी आईला, सासूबाईंनाही विचारा.

माहीत नसेल तर तसं कळवा.

कृपया कुणी उसवून बघू नका.