चिंच-मिठानं घासलेलं पेन
चिंच भिजत घातली की त्या आंबट वासाबरोबर मला नवागामची आमची मोरी आठवते. वडील पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये लेथ मशीनवर होते आणि भंगारातल्या तांब्याच्या नळ्यांची घरी पेनं करायचे. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एक पेन त्यांनी गॅसच्या आचेवर इतकं जपून तापवलं, की त्यावर मोराच्या मानेसारखे जांभळे-निळे रंग चढले. आधीची सगळी तापवताना काळी पडली होती. हे त्यांनी खिडकीत निवायला ठेवलं आणि कामावर गेले. आई सणाची भांडी घासायला बसली होती. तिला वाटलं, जळून काळवंडलंय. तिनं चिंच-मीठ लावून ते कळशीसारखं लख्ख केलं. संध्याकाळी वडील दारात येताच तिनं हौसेनं पुढे धरलं, "देखा, कशी चमकी ऱ्हायनी!" वडिलांनी पेन उजेडात बराच वेळ फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "हां, भारी चमकी ऱ्हायनी," आणि खिशाला लावलं. तसे रंग त्यांना पुन्हा कधी साधले नाहीत, आणि आई दर दिवाळीला ते पेन घासत राहिली. तिला कोणी सांगितलंच नाही; ते रंग तिनं काजळी समजूनच पाहिले, आणि तशीच गेली. यंदा ते पेन काळपट पडलंय. मी म्हटलं, आता राहू द्या असंच. वडील चिंच कोळत होते. मान वर न करता म्हणाले, "नही, तुन्ही मायले काळं तांबं आवडे नही."