घरगुती खुनाचे नियम

औषधाच्या दुकानात किस्से साठायला वेळ लागत नाही. माणूस पडसं घेऊन येतो, बाटली भरेपर्यंत उभा राहतो, आणि उभ्या माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही. पण साताऱ्यातल्या माझ्या दुकानात मला ज्यांनी खरं हादरवलं, ते किस्से औषधांचे नव्हेत, खुनांचे!

लढाई नुकतीच संपली होती. रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत आमची बैठक भरायची. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या इंदूताई स्वतः लिहिलेली रहस्यकथा वाचून दाखवत. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले नाना तिच्यात चुका काढत. दाराजवळच्या स्टुलावर हवालदार बसत. ते कोरेगावकडचे शेतकरी, पलटणीतून सुटून आलेले. गुडघ्याला चोळायचं तेल न्यायला आले आणि गोष्ट ऐकायला थांबले, ते दर रविवारी येऊ लागले. त्यांचा धाकटा भाऊ शंकर ब्रह्मदेशात पडला होता. घरी फक्त तार आली. कसा गेला, जवळ कोण होतं, हे कोणी कळवलं नाही, आणि आई रोज हवालदारांनाच विचारायची. आम्हाला सगळं ठाऊक होतं. आम्ही त्यांना चहा द्यायचो आणि तो विषय काढायचो नाही.

इंदूताईंच्या गोष्टींना नाना ‘घरगुती खून’ म्हणत, आणि त्याचे नियमही त्यांनीच ठरवलेले. रक्त दिसायचं नाही. खुनी ओळखीतलाच हवा आणि शेवटी तो सापडलाच पाहिजे. मरणारा असा हवा, की त्याच्यापायी कोणाचं जेवण राहू नये. इंदूताई मान डोलवत, आणि मनात येईल तो नियम मोडत.

*

एकदा भर गिऱ्हाइकात इंदूताईंनी मला विचारलं, “भाऊ, दुधात घातलं तर चव न लागणारं विष कोणतं?”

त्यांच्या शेजारीणबाई खोकल्याचं औषध तसंच टाकून घराकडे सुटल्या. इंदूताई पोहोचायच्या आधी बातमी सासूबाईंपर्यंत पोहोचली होती. संध्याकाळी सासूबाईंनी दुधाचा पेला सुनेपुढे सरकवला. “आधी तू घे.”

मग बिचाऱ्या इंदूताईंनी अख्खी गोष्ट त्यांना वाचून दाखवली. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतली, दूध पिऊन टाकलं आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “दुधात नको गं. साय धरते, वरच दिसेल. कढीत घाल.”

हे ऐकल्यावर मी कितीतरी दिवस कोणाकडे कढी प्यालो नाही.

*

आवडत्या माणसाला मारायचं नाही, हा नानांचा लाडका नियम. इंदूताईंच्या एका लांबलेल्या गोष्टीत अक्का नावाची म्हातारी होती. गल्लीतल्या पोरांना खाऊ द्यायची, भांडणं मिटवायची. नाना तिच्यावर फार खूश. एका रविवारी इंदूताईंनी तिलाच मारलं!

नाना चहा न घेता उठले. घरी जाऊन त्यांनी विहिरीवर डोक्यावरून आंघोळ केली. बायको धावत आली. “अहो, कोण गेलं?”

“अक्का गेल्या,” नाना म्हणाले.

तिनेही निमूटपणे आंघोळ केली. केस पुसता पुसता तिला सुचलं, “पण कुठल्या अक्का?”

*

तेव्हा कागदाची फार टंचाई होती. औषधाच्या पुड्यांसाठी आणलेले कागद मी इंदूताईंना देई, आणि त्यांचं लिखाण माझ्याच टेबलावर पडलेलं असे. गडबडीत एका गोष्टीचं शेवटचं पान सुंठीच्या पुडीला लागलं आणि गिऱ्हाइकाबरोबर गेलं. रविवारी शेवटच नाही! नाना खवळले. “खुनी सापडत नसेल तर ती गोष्ट नव्हे. तो पोलिसांचा तपास झाला.”

बाजाराच्या दिवशी एक शेतकरी पुडीचा तो कागद घेऊन दुकानात उभा. तोंडावर मोठी काळजी. “आवं, दिवाणजीनं मारलं म्हंता, ते समजलं. पर मेलंय कोन?”

सगळे हसले. त्या दिवशी तेल न्यायला आलेले हवालदार मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या माणसाला बाजूला बसवून, मेलेला कोण, त्याचं घर कुठं, त्याच्यामागं कोण राहिलं, सगळं सांगितलं.

*

त्यानंतरच्या गोष्टीत नानांच्या मर्जीने एक खवट माणूस मेला. कोणाला न आवडणारा, भावांशी बोलणं टाकलेला. तरी गावभर चौकशी चालली होती. त्याला शेवटचं कोणी पाहिलं, तो काय जेवला, पाणी कोणी दिलं, तोंड कुठल्या दिशेला होतं. इंदूताई रंगून वाचत होत्या.

हवालदार मध्येच म्हणाले, “नाना, असल्या मानसाची येवढी इचारपूस?”

“करावीच लागते. त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.”

हवालदार गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, “बाई, पुढल्या गोष्टीत आमच्या शंकरला मारा.”

इंदूताईंच्या हातातलं पान खाली पडलं. नाना चाचरत म्हणाले, “हवालदार, लढाईतलं मरण... ते घरगुती गोष्टीत बसत नाही हो.”

“मंग घरात मारा. आमच्या सोप्यात मारा. माजं काय म्हननं न्हाई. पर जवळ कोन हुतं, पानी कुनी पाजलं, ह्ये येवढं समद्या गावाला इचारायला लावा. आय मला रोज इचारती. आनि मला कुनीच इचारत न्हाई.”

इंदूताईंनी डोळ्यांना पदर लावला. नानांनी आपली खुर्ची उचलली आणि स्टुलासमोर नेऊन ठेवली.

“शंकरला शेवटचं कोणी पाहिलं, हवालदार?”

“म्याच, नाना. ठेसनात. लय हसत हुता.”