काकूला दिलेली कादंबरी

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. एकदा बहिणीला सांगायला म्हणून बसले होते – मग चहा ठेवायला उठले, आणि राहूनच गेलं. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे तुमच्याजवळ बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही नाही. तरी बघते.

मी अड्याळच्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. एक लांबट खोली, भिंतीला लागून कपाटं, एका खिडकीत कूलर. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल, नसेल. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापते दिवस, लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. उन्हाळी धान कापून झालं की घरात बसलेल्या माणसाला दुपार खायला उठते. मग लोक पुस्तकं मागायला येतात. एरवी वर्षभर न फिरकणारेही येतात.

भंडाऱ्याहून निघणाऱ्या एका वर्तमानपत्रात मी दर उन्हाळ्यात लिहिते – या सुट्टीत काय वाचाल म्हणून. नवीन कादंबऱ्या, नवीन चरित्रं. प्रत्येकाबद्दल चार-सहा ओळी. सोबत माझा पासपोर्ट फोटो. छोटी गोष्ट आहे, पण छोट्या गावात छोटी गोष्ट मोठी होते. बाजारात भाजी घेताना बाया विचारायच्या, मॅडम, यंदा कोणतं वाचू? पवनीचे एक डॉक्टर तर माझं पान कापून खिशात घालून नागपूरला पुस्तकं घ्यायला जायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

सुरुवातीला मी खरंच वाचत होते. सगळं, अगदी प्रस्तावनेसकट. मग एका वर्षी एक जाडजूड चरित्र अर्धंच झालं आणि लेख द्यायचा दिवस आला. अर्ध्यावरच लिहिलं. कोणाला कळलं नाही. पुढच्या वर्षी पाव वाचून लिहिलं. मग मलपृष्ठ, पहिली काही पानं, शेवटची दोन पानं – एवढ्यावर भागायला लागलं. शब्द तयार असतातच हो. ‘संयत’, ‘वाचकाला अंतर्मुख करणारी’, ‘एका जिद्दीचा प्रवास’. कोणत्याही चरित्राला लावा, बसतात. का केलं असं? आळस म्हणावा, तर मी कामाची आळशी नाही. वेळ नव्हता म्हणावं, तर टीव्ही बघायला होताच. मी मनात म्हणायचे – एखाद्यानं न वाचलेल्या पुस्तकाबद्दल चार गोड ओळी लिहिल्या, तर कोणाचं काय बिघडतं?

वत्सलाकाकूबद्दल सांगायचं आहे. मी उगाच लांबण लावते आहे.

काकूचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. आता ती आमच्या बाजूच्या पुनर्वसनातल्या गावात राहते. बाजाराच्या दिवशी एसटीने यायची, पिशवीत खाली पुस्तक आणि वर भाजी. तिला चरित्रं आवडायची. “मानूस लहानपनी कसा होता, हे वाचाले बरं वाटते,” म्हणायची. वाचलेलं पुस्तक परत करताना त्यातल्या माणसाची चौकशी करावी तसं बोलायची – बायकोनं लई सोसलं बिचारीनं, असं.

तिचा एकच मुलगा, नरेश. शेत गेल्यावर तो धरणात मासे धरायला लागला होता. एका सकाळी त्याचा डोंगा उलटला. सोबतचा पोहून निघाला, नरेश निघाला नाही.

काकू यायची बंद झाली. मी भेटायला गेले होते, सगळ्यांसोबत. सगळे म्हणतात तेच म्हटलं, आणि उठले.

पुढच्या उन्हाळ्यात ती एका दुपारी दारात उभी. वाळली होती. पिशवी रिकामी. बाकावर बसली, पाणी प्याली, आणि म्हणाली, “मॅडम, काही तरी द्या वाचाले. घरात मन लागत नाही. पन रडवनारं नोका देऊ. हलकं काही तरी द्या.”

टेबलावर त्या वर्षीच्या नव्या पुस्तकांचा गठ्ठा होता. माझा लेख आदल्याच आठवड्यात छापून आला होता. वरती एक कादंबरी – मुखपृष्ठावर हिरवी टेकडी, सायकल, मागे ‘आई आणि मुलाच्या नात्याची कोवळी कहाणी’ असं लिहिलेलं. मी तिच्याबद्दल ‘उन्हाळ्यातली गार झुळूक’ असं लिहिलं होतं. आई आणि मुलगा हे शब्द समोर दिसत होते, तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. गार झुळूक तेवढी आली. स्वतःचंच वाक्य.

“ही घ्या काकू,” मी म्हटलं. “मी दोनदा वाचली.”

एकदाही वाचली नव्हती. दोनदा काहून म्हटलं, ते मला आजही सांगता येत नाही.

तीनेक दिवसांनी झेडपीच्या शाळेतले एक गुरुजी तीच कादंबरी मागायला आले. भंडाऱ्याला त्यांनी ती कोणाकडे तरी अर्धी वाचली होती. मी म्हटलं, बाहेर गेली आहे. ते म्हणाले, “पन मॅडम, तुमी झुळूक कशी म्हनता तिले? पोरगा तळ्यात बुडून मरते न त्यात. मंग ती माय त्याले धुंडतच राहते.”

मी हसून काहीतरी बोलले. ते गेल्यावर दाराला कडी लावली. काकूचं गाव एसटीने अर्ध्या तासावर. गाडी उभी होती स्टँडवर, खिडकीतून मला दिसत होती. जाऊन पुस्तक हातातून काढून घ्यायचं होतं फक्त. काकू, चुकलं, मी हे वाचलंच नव्हतं – एवढं म्हणायचं. गाडी सुटली. मी खुर्चीतच होते. मी स्वतःला सांगितलं की तिनं उघडलं नसेल अजून. सांगितलं की तिला सवय आहे, आवडलं नाही तर ठेवून देते. तुम्ही कधी एखाद्या संकटाची वाट घरात बसून पाहिली आहे का, जे तुम्हीच पाठवलं आहे? मी पाहिली. बाजाराच्या दिवसापर्यंत.

ती आली. पुस्तक पदरात गुंडाळलेलं होतं. माझ्यासमोर बसली. मग म्हणाली,

“तुमाले माहीत होतं न, मॅडम?”

ती माझ्याकडे बघतही नव्हती, टेबलाकडे बघत होती.

“घरात नरेशचं नाव कोनी घेत नाही. मी घेतलं तं म्हनतात, इसर आता. फोटोबी आत नेऊन ठेवला. मी हलकं पुस्तक मांगतलं अन् तुमी हे देलं. पयल्यांदी राग आला, फेकून देऊ म्हटलं. मंग वाचून राहिली तं वाचतच राहिली. त्या बाईसंग मीबी धुंडलं त्याले. लई रडली. वर्षभरात मी रडलीच नव्हती, मॅडम. ‘रड’ असं तुमी तोंडानं नाही म्हनलं, पुस्तकातून म्हनलं. माहीत होतं न तुमाले?”

मी म्हटलं, “हो.”

हाच तो शब्द. न वाचता लिहिलं, ते खोटं होतंच. पण ते मी कदाचित तुम्हाला हसत सांगितलं असतं. हा ‘हो’ मला हसत सांगता येत नाही. त्या घटकेला ‘नाही’ म्हटलं असतं, तर तिचं काय गेलं असतं? रडणं तिचं होतं, तिनं केलेलं होतं, ते परत गेलं नसतं. गेलं असतं ते माझंच काहीतरी. ती उठली, टेबलाच्या या बाजूला आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

मग माझं नाव झालं. काकू सगळीकडे सांगायची – मॅडमले मानूस पाहूनच समजते, कोनाले कोनतं पुस्तक पाह्यजे ते. लोक येऊन बसू लागले. कोणाची सून गेलेली, कोणाचं लग्न मोडलेलं. मी कपाटासमोर उभी राहून विचार केल्यासारखं करायची. पुस्तकं मात्र आता वाचून द्यायला लागले होते, भीतीनं. तेवढंच.

काकूच्या दिराची सून, सुनीता. भिंतीला भिंत लागून घर. काकूनेच तिला मुलीसारखं धरलं होतं, तिचं बाळंतपणही काकूच्या हातचं. सुनीताचं बाळ तापानं गेलं. दीडेक महिन्यानं काकू माझ्याकडे आली आणि म्हणाली, मॅडम, तेच पुस्तक द्या. सुनीताले वाचाले देतो. देऊ का?

ती विचारत होती. ‘देऊ का’ म्हणून विचारत होती.

तोपर्यंत मी ती कादंबरी खरंच वाचली होती. मला ठाऊक होतं की ज्या बाईचं दूध अजून आटलेलं नाही तिच्या हाती ती देऊ नये. पण नको म्हटलं असतं, तर काकूने विचारलं असतं, मंग मले कायले देली? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. एकच होतं.

“द्या,” मी म्हटलं.

सुनीतानं ती वाचली, मुलगा बुडतो त्या पानापर्यंत. मग तिनं पुस्तक अंगणात फेकलं आणि दोन दिवस जेवली नाही. तिला माहेरी न्यावं लागलं. दिरानं अख्ख्या गल्लीसमोर काकूला म्हटलं, तुया पोरगा गेला म्हनून आमच्या घरात दुःख कालवाले आली काय? पुन्हा पायरी चढू नको.

हे मला काकूनेच सांगितलं. पुस्तकाची पानं सुटली होती, तिनं ती गव्हाच्या पिठाच्या खळीनं चिकटवून आणली होती. तिनं दिरासमोर माझं नाव काढलं नव्हतं. मॅडमनं द्या म्हटलं, एवढं म्हणाली असती तर अर्धा राग माझ्याकडे वळला असता. मी विचारलं, काहून नाही सांगितलं? तर म्हणाली,

“तुमाले कायले मधात आनू? चूक मायी आहे. तुमच्यासारखं मानूस पाहून पुस्तक देनं मले थोडी येते.”

कूलरचा आवाज होत होता. मी पुस्तक घेतलं, कार्डावर जमा केलं, आणि कपाटात ठेवलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. काकू कोणाला पुस्तक सुचवत नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, मले नोका इचारू, मॅडमले इचारा. दिराच्या घरासमोरून जायचं टाळते, मागच्या बोळीतून एसटीवर येते. मी उन्हाळ्याचं पान अजून लिहिते. सगळी पुस्तकं पूर्ण वाचून लिहिते. ते सांगण्यात काही अर्थ नाही, तरी सांगितलं.

या उन्हाळ्यात सुनीताच्या मुलीचं बारसं झालं. अख्ख्या गावाला बोलावणं होतं, काकू सोडून. त्या दिवशी बाजार नव्हता, तरी ती भर दुपारी वाचनालयात आली. लाउडस्पीकर लागला आहे, घरात बसवत नाही, म्हणाली. कूलरसमोरच्या बाकावर बसून मी दिलेलं एका गायिकेचं नवीन चरित्र वाचू लागली. खोलीत आम्ही दोघीच होतो. संध्याकाळच्या गाडीपर्यंत दोघीच होतो.

मी तिला माठातलं पाणी दिलं. आणि विचारलं, “कसं आहे पुस्तक?”

“चांगलं आहे,” ती म्हणाली. “तुमी देलं म्हंजे चांगलंच असते.”

मी माझ्या खुर्चीत येऊन बसले.