मार्गासनीच्या लेकीचा फोटो

भोरच्या त्या केसचा विषय निघाला की आजही मला आधी एका माणसाची बोटं दिसतात. मोबाईल नुकते हातोहाती दिसायला लागले होते त्या काळातली गोष्ट. आमच्या पोलीस ठाण्यात पहिला कॉम्प्युटर आला होता आणि हवालदारांनी त्याच्यावर फुलाफुलांचा रुमाल घालून ठेवला होता.

बाजारपेठेतल्या एका फोटोवाल्याचं दुकान फुटलं. कॉम्प्युटर गेला. तो पुढे कामथडीजवळ एका भंगारवाल्याकडे मिळाला, पण आतली डिस्क गायब होती. फोटोवाला मुसलमान, भोरचाच, पन्नाशीचा, शांत माणूस. म्हणाला, "साहेब, सगळ्या लग्नांच्या सीडी मी घरी ठेवल्यात. कुलूपबंद. पासवर्डशिवाय उघडत नाहीत."

"कुलूप कशाला?"

"लोकांच्या लेकीसुनांचे फोटो असतात. भलत्याच्या हाती लागले तर?"

याच सुमारास मार्गासनीची एक बाई ठाण्यात आली. बौद्ध कुटुंबातली, शेतीत राबून हात खरखरीत झालेले. तिची एकुलती एक लेक लग्नानंतर वर्षाच्या आत तापाने गेली होती. लग्नाचे फोटो याच फोटोवाल्याने काढले होते, पण अल्बम सासरी पाणी शिरून चिकटून गेलेला. पहिलं पुण्यस्मरण तोंडावर आलं होतं.

"सायेब, लेकीचा एक फोटू द्या. घरात तिचं तोंडच न्हाई कुठं. मला आता तिचं डोळं नीट आठवंना झाल्यात," असं म्हणून तिने पदर तोंडाला लावला.

त्यातच आमचा खबऱ्या येऊन कानाला लागला. "सायेब, चोरीबिरी काय न्हाई. त्यो फोटोवालाच पोरींचे फोटो भायेर इकतोय आन् वरून कुलपाचं सोंग करतोय."

मी सीडी पंचनामा करून ताब्यात घेतल्या आणि फोटोवाल्याला चौकशीला बोलावलं. पुण्याहून जाणकार माणूस आणून ते कुलपाचं सॉफ्टवेअर ठाण्याच्या मशीनवर टाकून घेतलं. फोटोवाला पासवर्ड सांगायला का-कू करत होता. आवाज चढवल्यावर खाली बघून म्हणाला, "अम्मीचं नाव आहे. वारली ती."

मुद्देमालाला त्याने हात लावायचा नाही, म्हणून आमच्या महिला शिपायाने ते नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं. चुकीचा पासवर्ड. मोठ्या अक्षरांत, छोट्या अक्षरांत, सगळं करून झालं. पुण्याचा माणूस म्हणाला, "हे कुलूप फोडता येत नाही साहेब. खरा पासवर्डच लागतो."

हवालदार तापला. "अरे, किती वेळा तेच तेच सांगशील? खरं बोल की!"

"अल्ला शपथ, तेच आहे हो! रोज तेच टाकत होतो."

मला मात्र तिथेच शंका आली. खोटं बोलणारा दर खेपेला कथेला नवं ठिगळ लावतो. हा गडी एका शब्दाने हलत नव्हता. मी विचारलं, "या सीडी उघडून कधी बघितल्या होत्या?"

तो म्हणाला, "उघडायची वेळच आली नाही. फक्त भरून ठेवत होतो."

"ऊठ. बस मशीनवर. तुझ्या हाताने टाक."

हवालदाराने माझ्याकडे असं बघितलं, जणू साहेबाचं डोकं फिरलंय. फोटोवाला बसला. त्याने टायपिंग करण्याआधी उजव्या हाताने वरच्या कोपऱ्यातलं एक बटण दाबलं. न बघता, सहज. मग नाव टाकलं. पुन्हा चुकीचा.

"थांब. ते पहिलं बटण कशाचं?"

"कुठलं? ते होय... त्याने मराठी टायपिंग चालू होतं. अल्बमवर नावं मराठीत लागतात ना. दुकान उघडलं की पहिलं तेच दाबतो."

बोलता बोलता त्याचाच चेहरा बदलला. पासवर्ड टाकताना पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटतात. दुकानात तो बटणं दाबत होता अम्मीच्या इंग्रजी नावाची, पण मराठी चालू असल्यामुळे आत भलतीच अक्षरं जात होती. ठाण्याच्या मशीनवर ते मराठीचं सॉफ्टवेअरच नव्हतं. त्याचा पासवर्ड बरोबर होता, आम्ही दार दुसऱ्याच भाषेत ठोठावत होतो.

ओळखीच्या पत्रिका छापणाऱ्याकडून ते सॉफ्टवेअर आणवलं. फोटोवाल्याने बटण दाबलं, नाव टाकलं. सीडी उघडली.

बाईला बोलावून घेतलं. पडद्यावर हळदीने माखलेली, खळखळून हसणारी पोरगी. बाई किती तरी वेळ काचेवरून बोट फिरवत राहिली. "हसतीया बघा कशी," म्हणाली आणि हमसून रडली. आमची शिपाई पोरगीही रडली. माझं काय झालं ते सांगत नाही.

मग ती फोटोवाल्याकडे वळली. "दादा, लोकं तुमास्नी काय काय बोलली. पर तुमी माज्या लेकीला तुमच्या आईच्या नावानं जपलं की वो."

चोर पुढे सापडला, सराईत होता, फोटोवाल्याशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि फोटो विकल्याची खबरही थाप निघाली. त्या केसने मला शिकवलं ते एवढंच: माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगत असेल, तर आवाज चढवण्याआधी त्याला त्याच्या रोजच्या कामाला बसवावं आणि त्याचे हात बघावेत.

पुण्यस्मरणाला मी साध्या कपड्यांत मार्गासनीला गेलो. फोटोवाल्याने फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला होता. बाईने हातोडी त्याच्याच हातात दिली. "खिळा तुमीच ठोका, दादा."

त्याने बोटांनी भिंतीवरची जागा चाचपली. खिळा मी धरला.