माकडाने नेलेला देवीचा बर्गर

आमच्या ग्रामदेवीच्या नैवेद्याचा बर्गर माकडाने पळवला, ही रामनगरपासून उळवीपर्यंत सर्वांना पाठ असलेली हकीकत साफ खोटी आहे. खोटी आहे हे मला ठाऊक आहे, कारण ती मीच सांगितली होती. आता वय झाले. गावातली पोरेसोरेसुद्धा मला रस्त्यात पाहून हात जोडतात. एवढा मान मिळणाऱ्या माणसाने खोटे उराशी घेऊन वर जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आमची नात मनू पुण्याहून आली. वय सहा, वजन चिमणीएवढे, हट्ट गव्यासारखा. आल्याआल्या तिने जाहीर केले, "मी फक्त बर्गर खाणार." आमच्या मंडळींनी, म्हणजे मनूच्या आजीने, आंबोळ्या केल्या, खीर केली, घावन केले. मनूने तोंड उघडले ते फक्त "नको" म्हणायला! शेवटी मंडळी देवीच्या देवळात गेल्या आणि हात जोडून गाऱ्हाणे घातले, "आई, पोरीच्या पोटात घास जाऊ दे. ती जे आवडीनं खाईल त्याचा नैवेद्य शुक्रवारी तुला दाखवीन!"

मंडळींच्या मनात खीर होती. पण गाऱ्हाण्यात तसे म्हणायचे राहिले. (संसारात आजवर माझ्या एकाही वाक्यात चूक सोडली नाही हो यांनी!)

दुसऱ्या दिवशी मी मनूला रामनगरच्या बेकरीत नेले. तिथे कोबी आणि शेव भरलेला एक पाव 'बर्गर' या नावाने मिळाला. मनूने तो खाल्ला! मी आनंदाने घरी येऊन सांगितले आणि मंडळी मटकन खाली बसल्या.

"अवो, आता देवीला बर्गर दावायचा व्हय?"

आम्ही गुरवाकडे धावलो. आमचा गुरव नागप्पा म्हणजे देवीचे वकीलपत्र घेतलेला माणूस. त्याने सगळे शांतपणे ऐकले.

"पोरी, आवडला का तुला त्यो बर्गर?" त्याने मनूला विचारले.

"ठीक होता," मनू म्हणाली.

"मग न्हाई चालणार," नागप्पा म्हणाला. "देवीला ठीक चालत न्हाई. उत्तमातलं उत्तम पायजे. कांदा न्हाई, लसूण न्हाई, अंडं न्हाई. आन तात्या, आणणाऱ्यानं शुक्रवारी उपास धरायचा. नैवेद्य दावल्याबिगर पाणीसुदीक न्हाई."

"गाऱ्हाणं हिनं घातलंय!" मी ओरडलो.

"गाऱ्हाणं माझं, धावपळ तुमची," मंडळी म्हणाल्या. देवळातच निकाल लागल्यामुळे अपिलाची सोय नव्हती.

नवस राहिला तर देवी कोपेल की नाही ते देवीच जाणे. मंडळी नक्की कोपणार होत्या. तेव्हा गुरुवारी सकाळी मी आणि मनू आमच्या जुन्या व्हॅनमधून तालुक्यातला उत्तम बर्गर शोधायला निघालो. मी आयुष्यात बर्गर खाल्लेला नसल्यामुळे परीक्षक मनू, मी ड्रायव्हर.

"उत्तम कसा ओळखायचा गं?" मी विचारले.

"सोप्पंय आजोबा. दोन्ही हातांनी धरायचा आणि चावला की मागून सांडला पाहिजे!"

सुप्याच्या धरणाजवळ पर्यटकांसाठी गाडा होता. तिथला बर्गर मागून सांडला, पण त्यातून कांदाच सांडला! बाद. जोयड्यात एका हॉटेलवाल्याने "आत्ता करून देतो" म्हणत वडापाव चपटा केला. बाद. उळवीच्या खानावळीत मालकाने मान हलवून सांगितले, "बर्गर इल्ला री! मिर्ची अदा, गिरमिट अदा." बर्गर नव्हता, पण मिरची भजी आणि चुरमुऱ्याचे गिरमिट होते. ते मी खाल्ले. (गुरुवार होता. उपास शुक्रवारी.)

शुक्रवारी पहाटे मंडळींनी मला चहाच्या भांड्याकडे नुसते बघूही दिले नाही. "उत्तम घेऊनच या," त्या म्हणाल्या. "न्हाईतर येऊ नका."

कुणीतरी सांगितले की दिग्गीकडे पाहुण्यांसाठी घरगुती जेवण करून देतात. दिग्गी म्हणजे जंगलाच्या पोटातले गाव. रस्ता असा, की व्हॅन पुढे कमी आणि वरखाली जास्त जात होती. दुपार टळता टळता एका कुणबी घराच्या अंगणात पोचलो. घरच्या बाई रानातले कंद सोलत बसल्या होत्या. मी सगळी कथा सांगितली. त्यांनी बर्गर हा शब्द ऐकला होता, पण वस्तू पाहिलेली नव्हती.

"कसा असता गो त्यो, बाये?" त्यांनी मनूला विचारले.

मनूने हातवारे करून सांगितले. वर गोल, खाली गोल, मध्ये गोल.

"मग त्यात काय!" बाई म्हणाल्या. "बस. पोर उपाशी जायना आमच्या घरातनं."

त्यांनी तांदळाच्या तळहाताएवढ्या, जाड भाकऱ्या थापल्या. उकडलेला कंद ठेचून त्याच्या वड्या तव्यावर खरपूस परतल्या, त्यावर ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी आणि वर दुसरी भाकरी. तो वास! माझ्या पोटातून असा आवाज आला की अंगणातले कुत्रे उठून बसले. मनूने दोन्ही हातांनी धरून घास घेतला आणि मागून चटणी थेट फ्रॉकवर!

"बेस्ट!" मनू किंचाळली. "आजोबा, हाच! जगात बेस्ट!"

बाईंनी केळीच्या पानात दोन बांधून दिले. एक देवीचा, एक मनूचा घरी खायला. मला आग्रह केला, पण मी उपास सांगितला. त्या क्षणी मी अगदी साधुपुरुष दिसलो असणार.

परतीच्या वाटेवर मनू मागच्या सीटवर झोपली. पानाच्या पुड्या माझ्या शेजारी. पहिल्या खड्ड्यात देवीच्या पुडीतून थोडी चटणी सीटवर सांडली. सांडलेले देवीला चालत नाही. ते मी पुसून खाल्ले. दुसऱ्या खड्ड्यात भाकरीची कड मोडली. मोडकी कड देवीपुढे ठेवायची? ती काढली. पण एकीकडची कड काढल्यावर गोल राहीना, म्हणून दुसरीकडचीही काढली. मग गोल झाला, पण लहान दिसू लागला. एवढासा नैवेद्य म्हणजे देवीचा अपमान! अपमान टाळण्यासाठी काय केले ते तुमच्या लक्षात आलेच असेल.

गावात पोचलो तर देवळासमोर बायका जमलेल्या, ढोल तयार, नागप्पा सोवळे नेसून उभा! मंडळींनी ताट पुढे केले. मी पुडी उघडली. आत केळीचे पान. हिरवेगार, स्वच्छ.

"बर्गर कुठं हाय?" मंडळी म्हणाल्या.

"माकडानं नेला!" मी म्हणालो. (माझ्या तोंडून हे कसे निघाले, मला अजून कळलेले नाही.) "खिडकीतून! लाल तोंडाचं! केवढं तरी मोठं!"

नागप्पाने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले. मग शेजारच्या मारुतीच्या देवळाकडे हात जोडून गरजला, "मारुतीरायानं चाखून बघितला! उत्तमच असणार!"

ढोल वाजला. तेवढ्यात मनू पुढे झाली. तिने आपली पुडी ताटात ठेवली.

"हा माझा घ्या. याला माकडाने हात नाही लावला."

नवस फिटला. मंडळींच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले, पण ते चटणीतल्या मिरचीचेही असेल. घरी जाताना मनूने माझा हात धरला आणि हळूच विचारले, "आजोबा, माकडाला खूप भूक लागली होती ना?"

तेव्हापासून गावात प्रथाच पडली. परीक्षेच्या आधी पोरे शनिवारी मारुतीपुढे बर्गर ठेवतात. रामनगरच्या बेकरीत आता बिनकांद्याचा 'नवसाचा बर्गर' मिळतो! हे सगळे माझ्या खोट्यावर उभे. मन खात राहिले. परवा अखेर धीर करून नागप्पाला गाठले आणि सगळे सांगून टाकले.

त्याने समईची वात सारखी केली. "तात्या, त्या दिवशी तुमच्या मिशीला हिरवी चटणी होती. समद्या गावानं बघितली."

"मग बोलला का न्हाईस?"

"मंडळी तुमच्या समोर उभ्या. जीव वाचवला तुमचा! आन गाव कुठं खोटं बोलतंय? माकडानं न्हेला म्हणत्यात, ते खरंच हाय की."

मी खाली मान घालून बाहेर पडलो. देवळाच्या पायरीवर पोरे खेळत होती. मला बघताच सगळी उभी राहिली, हात जोडले आणि एका सुरात ओरडली, "जय बजरंगबली!"

आणि मी इतकी वर्षे समजत होतो, वयाचा मान आहे!